रबराची कडी

नॉरफकमधल्या शेडमध्ये, जॅकवर चढवलेली
सदुसष्टची दोन सीटांची गाडी, आणि बाकावर
नमुन्याला आणलेले दोन शाफ्ट.
एक नवा, पोलादी सांध्यांचा, ग्रीस भरलेला,
किंमत ऐकून डोळे पांढरे व्हावेत असा.
दुसरा जुन्या घडणीचा :
दोन्ही टोकांना रबराची कडी,
क्लच सोडला की आधी स्वतः पीळ खाणारी
मग गाडीला उचकी लावणारी.

"पोलादी घे," हेस्टर म्हणते. तिचा खुबा
गेल्या मार्चमध्ये बदललाय,
ती अधिकारानं बोलते.
"एकदा बसवलं की विसरून जायचं."

सेड्रिक नखानं रबर दाबून बघतो.
थेटफर्डच्या वळणावर असंच एक कडं तुटलं होतं,
सुटा शाफ्ट चासीला बडवत राहिला,
दोघं चार मैल चालली, अबोला धरून.
तेही त्याला आठवतंय.

पण डावा पाय हल्ली थरथरतो,
क्लचवरून निसटतो कधीकधी.
पोलाद ते जसंच्या तसं चाकांना सांगेल.
रबर पोटात घालतं.

तो फोन उचलतो. कडी, चार.
आणि हेस्टर चहा टाकायला आत गेल्यावर
हलक्या आवाजात,
दर सहा महिन्यांनी गाडीखाली आडवं होऊन
भेगा शोधायच्या म्हणून,
एक जाड चटई.