दाता क्रमांक चार

उत्तरायणाला अख्खं बडोदं गच्चीवर,
आणि मी विभागाच्या मागच्या दाराने आत,
कारण आतड्याला सुट्टी नसते.

पाच काचपात्रं, एकापुढे एक,
प्रत्येकाच्या अंगाभोवती सदतीस अंशांचं कोमट पाणी.
पहिलं जठर. दुसरं लहान आतडं.
उरलेली तीन म्हणजे मोठ्या आतड्याची वळणं,
सरळ उभी,
कारण वळणाची काच अनुदानात बसली नाही.

दिवसातून तीनदा भरवायचं:
पिष्ट, पेक्टिन, डुकराच्या जठरातलं म्युसिन,
मग आम्ल, मग बैलाच्या पित्ताची पिवळी पूड.
हे घरी सांगत नाही. आई देवाचं करते.
पंपाची नळी दाबली जाते, सुटते, दाबली जाते,
कुणी अवघड घोट गिळावा तसा आवाज.
वर नायट्रोजनची शीळ, अखंड.
हवा शिरली तर आतली मरतील,
आपण जिच्यावर जगतो तिनेच.

आतली म्हणजे अब्जावधी. नावं लॅटिन,
बिऱ्हाड मूळचं दांडिया बाजारातलं.
वहीत फक्त 'दाता क्रमांक चार',
नाव लिहायचं नसतं. पण डबा घेऊन
स्वतःच रिक्षाने आले होते सुर्वेकाका,
रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त.
डबा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दोरा बांधलेला,
आणि मान खाली घालून म्हणाले, "ताजं आहे हं."

बारा दिवसांनी पुन्हा आले. बघू का, म्हणाले.
नियमात बसत नव्हतं. बसवलं.
चष्मा काचेला टेकेपर्यंत वाकून उभे राहिले.
आत तपकिरी ढवळ, थोडा फेस.
"हे माझं?"
तुमचंच, काका.
"जेवलं का सकाळी?"
हेतल हसायला लागली, मीही. ते नाही हसले.
"आणि घाबरतं का कधी?"

नाही, म्हटलं, याला चेतातंतू जोडलेले नाहीत.
याच्या पोटात गोळा येत नाही,
कावळे ओरडत नाहीत. कुणाचं गुपित
हे पोटात ठेवत नाही, कुणाची चूक पोटात घालत नाही.
नुसतं पचवतं.
"बरंय की मग."
छत्री उचलली. दारात थांबले.
"धाकटा एडमंटनला गेला तेव्हा
माझं आतडं तुटलं होतं.
ते दिसतं का यात कुठे?"

तसा रकाना नाही आमच्याकडे.
आम्लता आहे, वायूचं मोजमाप आहे,
तिसऱ्या पात्रातलं ब्युटिरेट आहे.
ते जरा कमी होतं.
वयोमानाने, असं मी अहवालात लिहिलं,
आणि त्यांना काहीच बोलले नाही.

आज माझ्या डब्यात शेजारच्या बेनने दिलेलं उंधियुं,
लसणाच्या पातीचा घमघमाट खोलीभर.
यांना मात्र कालचंच, परवाचंच;
सणाचा एक तीळ जरी पडला
तरी दोन आठवड्यांचं स्थैर्य बिघडेल.
बाहेर कुणाचा तरी पतंग कापला, गच्च्या ओरडल्या.

तेवढ्यात फोन.
"आज आहे का कुणी तिथे? की उपाशी ठेवलंय?"
आहे, काका. आत्ताच भरवलं.
"असं? मग मीही बसतो जेवायला."

फोन ठेवून नायट्रोजनची टाकी बदलली.
एक वाजून दहा मिनिटं.
वहीत तेवढंच लिहिलं.