एकच रकाना

स्रवंतीचा फोन जेवणाच्या सुट्टीत येतो.
माग थांबल्यावरच आमच्या गल्लीत
एकमेकांचं ऐकू येतं.
तिकडे जर्मनीत आत्ता कुठं उजाडतंय.

सायकलवरून येणारी तिची सुईण
(हो, सुईणच, चांगली शिकलेली)
एक कागद देऊन गेली आहे.
एकेक शब्द शोधून भरला म्हणते:
नवऱ्याचं रक्त, माझी साखर,
तिसरीत झालेली कावीळ.
एकच रकाना उरलाय.
आईची बाळंतपणं किती?

मांडीवर सूप. पाचशे विड्या झाल्यात,
पाचशे व्हायच्यात.
"दोन," मी म्हणते. "तू आणि नरसिंग."
कात्री तिरकी जाते, पान वाया.

सिव्हिलचा व्हरांडा,
कारखान्यातून आणलेला कोरा टॉवेल,
त्यात गुंडाळलेली, न रडलेली.
बारशाआधीचं कुणी मोजत नाही, सासू म्हणाली.
हिच्या बापानंही परत विषय काढला नाही,
फक्त तो टॉवेल
त्यानं घरात कधी येऊ दिला नाही, त्या रंगाचा.

"आई, खरं सांग हं.
त्यावरूनच ते मला जपणार."

जपणार.
समोर माग सुरू झाले, एक, मग सगळे.
ती हॅलो हॅलो करतेय.
मी फोन तोंडाशी धरला
आणि खडखडाटाच्या वर,
गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले,
"तीन! तीन लिही.
आणि पहिलीला जावळ दाट होतं,
ते कुठं लिहायचं, विचार तिला."