अस्मान

मुंबईत पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सोडाव्या लागल्या,
टाच, आणि 'आलो'.
आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं
मी आलो, मी जेवलो,
आणि बारला धरून उभ्या सगळ्या जणी हसल्या.
मग 'आले' म्हणायला शिकलो.
टाच उचलायला त्याहून जास्त वेळ लागला.

अकरा वर्षं अंगठ्याच्या नखावर.
पॉइंट शूजच्या खोक्यावर छापलेलं असायचं, कातडीचा रंग.
कुणाच्या कातडीचा ते नसायचं.
मी ते चहाच्या चोथ्यात रात्रभर बुडवून ठेवायचो,
सकाळी सॅटिन माझ्या पावलाच्या जवळपास आलेलं असायचं
आणि खोलीला एसटी कॅन्टीनचा वास.
सर म्हणायचे, वर. अजून वर. जमीन विसर.
जमीन विसरली नाही.
डाव्या घोट्यात येऊन बसली, करकर करत.
डॉक्टर म्हणाले, चालायला काही हरकत नाही.

परत आलो तेव्हा आण्णांनी काही विचारलं नाही.
घोटा मांडीवर घेतला, तिळाचं तेल कोमट केलं,
चोळत राहिले, पैलवानांचे चोळायचे तसे,
त्या तालमीत, जिच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेलो नाही.
उंबऱ्यावरून दिसायची लाल माती,
ताक, हळद, लिंबू पाजून मऊ केलेली.
तिच्याशी ते जेवढं बोलायचे
तेवढं घरात कुणाशी बोललेले आठवत नाहीत.
शेवटी म्हणाले, किती येळा पाठ लागली?
त्यांना हिशेब तेवढाच येतो.
एकदा पण नाही, म्हणालो. आणि ते खरं होतं.

नजमा शिकलगारची शेड उद्यमनगरात.
वडलांची फौंड्री बंद पडून सहा वर्षं झाली,
भट्टीच्या तोंडाशी आता स्पीकर असतो.
फरशी कितीही झाडा, काळी रेती निघतेच.
शेजारी लेथ चालू. तो थांबला की
आम्ही पण थांबतो, का कोण जाणे.

ती म्हणाली, पड.
मी पडलो. सुरेख पडलो, आधी मनगट, मान लांब.
हे पडणं नाही, म्हणाली, पडल्याचं चित्र आहे. पुन्हा.
पुन्हा.
वजन कुठं ठेवतीस गं? कुणासाठी राखून ठेवलंयस?

तिला काय सांगू.
माझ्या गावात पाठ टेकली की शिट्टी होते,
हलगी दुसऱ्याच्या बाजूला जाते,
उताणा माणूस वर बघत पडून राहतो
आणि लोक शेंगा फोडत उठायला लागतात.
हरवणं या शब्दाला आम्ही काय म्हणतो माहितेय?
अस्मान दाखवणं.

सोमवारी लाइट गेली.
लेथ गप्प, स्पीकर गप्प, नजमा मोबाइलवर कुणाशी तरी
बिलावरून भांडत बाहेर गेली.
मी एकटाच उभा होतो, कुणी बघत नव्हतं,
आणि गुडघा आधी गेला.
मग खुबा. मग एकेक मणका,
पोत्यातून जोंधळा सांडावा तसा,
मग पाठ. अख्खी.
कुठंच काही राखलं नाही.
पत्र्याला वर एक भोक होतं, वितभर,
त्यातून एक घार गेली,
परत आली,
आणि मला कळलं की मी मघापासून श्वास घेतोय.

घरी वाकून चपला काढताना
आण्णांना पाठीवरची रेती दिसली.
झाडायला हात उचलला, तसाच ठेवला.
ही आपली माती न्हवं.
न्हवं.
कुणी पाडलं?
जरा वेळ उत्तर शोधत बसलो.
मीच, म्हणालो.

ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग उठून तेलाची वाटी गॅसवर ठेवली
आणि म्हणाले, बस.
त्यो न्हवं. दुसरा घोटा दे.