कार्ड क्रमांक चार

रात्री साडेबाराला ताराबाई पार्कात
एसीची घरघर सोडली तर सगळं निजलेलं.
पडद्यावर माझा हुकूम ताटकळत उभा:
कार्ड चार, सेवेबाहेर काढायचं.
होय की नाही?

जिन्नाप्पा मगदूम म्हणाले, थांबा मॅडम.
अकरा नंबरात कोणतरी हाय अजून.

खरंच. बाकीच्या पंधरा वाटा मोकळ्या,
अकरावर हिरवा ठिपका.
कुणीतरी कुणासाठी निरोप ठेवत होतं,
किंवा ठेवलेला ऐकत होतं.
ते आपण ऐकायचं नसतं.
आपण फक्त स्थिती बघायची.
सेवेत. सेवेबाहेर.
आणि दोहोंच्या मधली एक तिसरी,
जिला पुस्तकात लांबलचक नाव आहे
आणि मगदूमकाका म्हणतात, जेवून उठू दे.
म्हणजे नवा माणूस पंगतीत घ्यायचा नाही,
पण बसलेल्याच्या पुढचं ताटही ओढायचं नाही.

दुसरा हुकूमही असतो, जबरीचा.
एक अक्षर जास्त दाबावं लागतं, बस.

काकांनी ते दाबलं होतं एकदा,
नव्याण्णवच्या मार्चात.
वरून फोनवर फोन, साहेब घाईत.
कार्ड उपसलं, नवं बसवलं,
आणि बिघाडाच्या अहवालासाठी
तुटलेला निरोप ऐकावा लागला.
बाईचा आवाज, मागं कुकरची शिट्टी:
"...आणि येताना आठवणीनं"
एवढंच.

काय आणायचं होतं
ते खात्याच्या कुठल्याच नोंदीत नाही.
तक्रार आली नाही. मेमो निघाला नाही.
निघाला असता तर बरं झालं असतं, काका म्हणतात,
उत्तर तरी लिहिता आलं असतं.

तेव्हापासून ड्युटी सुटली की
लक्ष्मीपुरीतनं काही ना काही घेऊन जातात.
काडेपेटी. कोथिंबीर. सुईदोरा.
एकदा गुळाची अख्खी ढेप,
स्कूटरवर दोन पायांत धरून.
काकू विचारतात, हे कुणी सांगितलंवतं?
ते म्हणतात, निरोप होता.

एक वाजला. एक वीस.
पडदा झोपला, मी बटण दाबून उठवला.
अकरा अजून हिरवा.
इतकं काय असतं हो एखाद्याचं?
काकांनी उत्तर दिलं नाही.
डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढं सरकवली,
भाकरीचा अर्धा तुकडा माझ्याकडं.
पहाटे गंगावेशीत दूध पिऊ म्हणाले,
म्हशी येतात तिथं, समोर पिळून देतात.

एक सदतीसला ठिपका गेला.
आपला आपण.

मग काम दहा मिनिटांचं.
मनगटाला पट्टा, कार्डाचे दोन्ही कान उचलायचे,
फुंकर मारायची नाही, काका मारतातच,
नवं सरकवायचं. खट्.
लाल, पिवळा, बराच वेळ पिवळा,
हिरवा.

नियमाप्रमाणे चाचणीचा एक निरोप ठेवायचा.
काकांनी रिसीव्हर धरला, घसा खाकरला.
"चाचणी. एक, दोन, तीन."
थांबले.
मी पेन उचललेलं तसंच.
"आणि येताना आठवणीनं..."
एसी बंद पडल्यासारखा वाटला.
"काय नको. नुसतं या."

नोंदवहीत मी लिहिलं:
कार्ड चार, सेवेत, एक छप्पन्न.
चाचणीचा निरोप ऐकला. पूर्ण आहे.
नंतर तो पुसायचा असतो.
राहिला.