बूट बाहेर काढ

ओउलूत डिसेंबरातही माणसं सायकलनंच फिरतात.
दुपारी दोनला अंधार पडला की
गोठलेल्या साखळ्या, तुटलेल्या तारा घेऊन
माझ्या दुकानात येतात
आणि शेगडीपाशी बोटं शेकत
पुन्हा तोच वाद उकरून काढतात.

सात दीपगृहांचा खेळ.
सहा पेटवता येतात.
सातवं नकाशावर आहे, धुक्यात दिसतंसुद्धा,
पण होडी दोन वल्ही अलीकडे थांबते
आणि पाठीवर वारा घेऊनही हलत नाही.
एकोणीस वर्षं झाली.
कंपनी बुडाली, तिच्या जागेत आता दातांचा डॉक्टर बसतो.
होडी तिथंच.

आर्नी म्हणतो, चोरलं आपलं.
त्यानं डिस्क आतून खरवडून काढलीय:
एक जिना सापडला, कुठल्याच भिंतीला न टेकलेला,
एक दार, ज्याच्यामागं खोली नाही,
एक वात, कधीच न पेटलेली,
आणि एका बाईचा आवाज, साडेतीन सेकंदांचा:
‘आत ये. बूट बाहेर काढ.’
एवढी शितं पुरेत, म्हणतो,
अख्खा भात शिजवून दाखवतो.
आठ जण रात्र रात्र जागून त्याचं बेट बांधताहेत.
केमीच्या एका पोरानं तर
‘बूट म्हणजे देह’ यावर
चाळीस पानं लिहिलीत.

राइला हातमोजे न काढताच बोलते.
होडी थांबते, तोच शेवट.
लिहिणाऱ्याला कळत होतं कुठं थांबायचं,
तुम्हाला कळत नाही.
कुणाच्या बंद तोंडात शब्द कोंबू नका.

मागच्या हिवाळ्यापर्यंत
ही दोघं एकाच सायकलवरून यायची,
ती मागं, त्याच्या कोटाच्या खिशात हात घालून.
आता ती आधी काचेतून बघते
त्याची सायकल बाहेर आहे का,
आणि भांडण माझ्यामार्फत चालतं.
सांग त्याला. सांग तिला.
मी मान हलवतो, तार कसतो,
चाक फिरवून बघतो अजून डुलतंय का.

गुरुवार होता. दोन महिने पगार नव्हता.
पेन्टीनं सातव्या बेटाचं पान उघडलं.
त्यावर चार वर्षांपूर्वी लिहिलेलं:
‘इथं काहीतरी मोठं.’
खाली काही नाही.
आम्ही त्याच्याकडं पाहिलं,
त्यानं खिडकीकडं.
मग मीच होडीपुढं एक भिंत घातली,
न दिसणारी, अकरा ओळींची,
आणि दिवे मालवून घरी आलो.
मासे तळले होते. थंड झाले होते. खाल्ले.

आणि ती बाई हिल्क्का, खालच्या खानावळीतली.
माइक चालतो का बघायला
कोटांच्या कपाटात उभी केली तिला,
काहीही बोल म्हटलं.
तिनं माझ्या पायांकडं पाहिलं.
सगळा बर्फ वितळून फरशीवर आला होता.

सांगावं वाटतं कधी कधी.
मग वाटतं, सांगून काय देणार मी यांना?
तिचं मौन घेऊन टाकायचं, याचा जिना घेऊन टाकायचा
आणि हातात ठेवायचा
एक पगार न झालेला गुरुवार.

परवा राइला आत असतानाच आर्नी आला.
चालत आला, म्हणून तिला काचेतून दिसला नाही.
खांद्यावर वाकडं चाक.
दोघं बोलेनात. मी म्हटलं, मागं चला, कॉफी तयार आहे.
तो उंबऱ्यावर आला, गुडघ्यापर्यंत बर्फानं माखलेला,
नुकतीच पुसलेली लाकडी जमीन,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
‘आत ये. बूट बाहेर काढ.’

एक बूट त्याच्या हातात राहिला.
राइलानं हातमोजा काढता काढता माझ्याकडं पाहिलं.
मग त्यानं तिच्याकडं,
कितीतरी दिवसांनी.

मी कॉफी ओतत होतो.
कप भरला तरी ओतत राहिलो.