बोअर नंबर चौदा

पंचवटीत टेकडीच्या पायथ्याला रिग लावलाय.
अठरा मीटरपर्यंत काळा पाषाण,
त्याखाली हातभर लाल माती,
दोन लाव्हांमधली मधली सुट्टी.
मी पेटीत कोअर ओळीनं मांडते,
मार्करनं खोली लिहिते.

धायगुडेसाहेब बॉनेटवर नकाशा पसरतात.
हा पूल पाडायचा
(माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे तो),
रस्ता सगळा टेकडीच्या पोटातून,
वर बाग, बाकं, सोसायट्यांना वाढीव एफएसआय.
“शहर मोकळं होईल बघा, तिकोनेबाई.”
चहाचा कप त्यांनी कर्वेनगरावर ठेवला.
उचलला तेव्हा गोल डाग.

कात्रजचं पाणीही गावात आलं ते जमिनीखालूनच.
नळ बांधणाऱ्यांनी जागोजाग उच्छ्वास ठेवले,
पाण्यालाही दम लागतो
हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

नव्या आराखड्यातही आहेत उच्छ्वास,
त्यांना शाफ्ट म्हणतात.
तिसरा नेमका आमच्या ‘मधुमालती’च्या आवारात.
तिथली बिऱ्हाडं हलली, आम्ही वारज्यात भाड्यानं,
आईची लोणच्याची बरणी अजून खोक्यातच.
आवारातल्या बकुळीवर पांढऱ्या रंगात सदतीस आकडा.

संध्याकाळी रिग थांबल्यावर
भोकाशी वाकून ऐकलं.
काहीच नाही.
मग अगदी खालून, गार,
काहीतरी गालाला लागलं.

‘पाणी’च्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं.
‘शेरा’पुढे पेन धरून बसले.
धायगुडेसाहेब गाडीतून
हॉर्न देत होते.