चारशे दहा

सासरे मानशीवर असतात.
म्हणजे चोडणच्या बांदावर, जिथे नदीचं खारं पाणी
दोन लाकडी दारांपाशी येऊन विचारतं, येऊ का?
भरतीला दारं आपली आपण मिटतात,
ओहोटीला आपली आपण उघडतात.
शाबलो म्हणतात, दारांना शिकवावं लागत नाही.
पाण्याला मात्र हल्ली कुणीतरी काहीतरी शिकवलंय.

मी एसीवाला.
कांदोळीची सहा हॉटेलं, पर्वरीतले तेवढेच बंगले.
सकाळच्या फेरीबोटीत स्कूटर उभी करतो,
पायांत गुलाबी सिलिंडर, त्यावर छापलेलं: चारशे दहा.
शेजारी शेवट्यांची पाटी घेतलेली कोणी विचारते,
जेवणाचा गॅस रे हा?
मी म्हणतो, थंडीचा.

जुना एसी उतरवायचा तर आतला गॅस आधी काढावा लागतो.
सोपी रीत: गच्चीवर जा, पाना फिरव,
फुस्स.
दोन मिनिटांत काम मोकळं.
वास नाही, रंग नाही, पोलीस नाही.
बारा वर्षं मी अशी फुस्स करत आलो
आणि खाली उतरून लिंबूसोडा प्यायलो.

मग पणजीला एक दिवसाचं शिबिर. चहा, खारी, प्रमाणपत्र.
कुंकळकर बाईंनी फळ्यावर लिहिलं:
याचा एक किलो हवेत गेला
की दोन हजार किलो धुराएवढी ऊब धरून ठेवतो.
बाकीचे पंख्याकडे बघत होते.
मी बाकाखाली फोनवर गुणाकार केला,
आठवड्याला एकच किलो धरून.
साडेबाराशे टन.
तेवढं वाहायला आमच्या फेरीबोटीला किती खेपा,
तेही मांडायला घेतलं, मग फोन खिशात टाकला.

त्याच भाद्रपदातल्या अमावस्येला बांद फुटला.
पाऊस वरून, भरती समोरून,
आणि मधे कुर्ल्यांनी पोखरलेली माती.
कोरगुटाला खारं चालतं, सगळे सांगतात.
चालतं म्हणजे किती, ते त्या रात्री
कोणीच सांगत नव्हतं.
आम्ही आठ जण कमरेएवढ्या पाण्यात,
पेंढा, दगड, चिखल, पुन्हा पेंढा.
टॉर्च दातांत धरून सुलक्षा वर उभी.
आणि मला काय सुचलं कोण जाणे,
मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. फुस्स. साडेबाराशे.
ते ऐकत होते की नाही, अंधारात कळेना.
मग म्हणाले, बरं. चिखल दे इकडे.

आता मी यंत्र लावून गॅस परत बाटलीत ओढून घेतो.
दोन मिनिटांची चाळीस होतात.
शाणू, माझा पोरगा-हेल्पर, जांभया देतो,
मॅनेजर घड्याळ दाखवतो,
महिन्याला दोन कामं हातची जातात.
जाळ्या धुतो, गळती शोधायला साबणाचा फेस लावतो,
बुडबुडा आला की पकडला चोर.
निघताना सव्वीसवर ठेवतो
आणि रिमोट कधीकधी उशीखाली सारतो,
पाहुण्याला सापडेपर्यंत तरी.
घरी पत्र्यावर चुना मारला. दुपारी फरक पडतो, थोडा.
गेलेलं काही परत येत नाही यातून.
हे मला कोणी समजवायला नको.

मानशीच्या खांबावर सासऱ्यांच्या वडिलांची खूण आहे,
कोयत्यानं मारलेली. मोठ्यात मोठी भरती इथवर.
कालवं आता त्या खुणेच्या वर चार बोटं बसतात.
परवा पुनवेला शाबलोंनी नवी खूण मारली.
मी विचारलं, तारीख घालू?
कोयता माझ्या हातात देत म्हणाले,
तुझं नाव घाल.

लाकूड भिजलेलं, पातं सरकत होतं.
पहिलं अक्षर कसंबसं झालं
तोवर पाणी तिथं पोचलं.